गरोदरपणातील औषधे : विचारायचे कोणाला?

पाळी चुकली आहे हे लक्षात येऊन खात्री होईपर्यंत पाच-सहा आठवडे सहज निघून जातात. तेवढ्या अवधीत कुणी तापाची गोळी घेतलेली असते, कुणी खोकल्याचे औषध, कुणाच्या छातीचा एक्स-रे निघालेला असतो. मग घरात चर्चा सुरू होते. सासूबाई, शेजारीण, औषधाच्या दुकानातला मुलगा आणि अलीकडे मोबाईल, असे सल्लागार पुष्कळ. सल्ला मात्र बहुधा ठरलेला : “कशाला जोखीम घ्यायची? पाडून टाका.”

ही भीती उगाच निर्माण झालेली नाही. १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध गरोदर स्त्रियांना मळमळीवरही दिले गेले, आणि हातापायांची वाढ न झालेली हजारो बालके जन्माला आली. १९६१ च्या अखेरीस ते तेथे मागे घेतले गेले. आजही मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनसारख्या गोळ्या गर्भाला निश्चित घातक आहेत, आणि लग्न झालेल्या मुलीने त्या डॉक्टरांना न विचारता घेऊच नयेत.

परंतु भीतीनेही नुकसान होते, आणि त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. कोणतेही औषध न घेता शंभर बालके जन्माला आली तरी त्यांतील सुमारे तिघांत मोठे जन्मजात व्यंग आढळते. ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. कॅनडातील टोरांटोच्या डॉक्टरांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, निर्धोक औषधे घेतलेल्या स्त्रियांनाही आपल्या बाळात व्यंग असण्याची शक्यता शंभरात चोवीसच्या आसपास वाटत होती! छातीच्या एका एक्स-रेमधून गर्भापर्यंत पोचणारे किरण, ज्या मात्रेपासून चिंता करावी तिच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतात. तेवढ्यावरून हवेहवेसे मूल नाकारले जावे, याला काय म्हणायचे?

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. फिट्स येणारी स्त्री दिवस राहिल्याचे कळताच घाबरून गोळ्या एकदम बंद करते आणि विहिरीवर किंवा चुलीपाशी झटका येऊन पडते. त्यात आई आणि मूल दोघेही धोक्यात येतात. व्हॅलप्रोएट हे फिट्सचे औषध गर्भाला अपायकारक आहे, हे खरे; पण ते बदलायचे ते डॉक्टरांनी, आणि शक्यतो दिवस राहण्यापूर्वी. थायरॉईडच्या गोळीचे तर उलटेच आहे. गरोदरपणात ती बंद करायची नसते, पुष्कळदा तिची मात्रा वाढवावी लागते.

या प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या खास सेवा पाश्चात्त्य देशांत १९८० च्या दशकापासून आहेत. अमेरिका-कॅनडातील अशा केंद्रांची संघटना १९८७ मध्ये स्थापन झाली, युरोपातील १९९० मध्ये. बर्लिनमध्येही असे केंद्र आहे. कामाची रीत साधी आहे. कोणते औषध, किती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, शेवटची पाळी कधी, मूळ आजार कोणता, एवढे विचारून जाणकार उत्तर देतात. मला यातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो पुढचा. अनेक केंद्रे बाळंतपणानंतर पुन्हा संपर्क साधून बाळ कसे आहे ते विचारतात आणि नोंदवून ठेवतात. नव्या औषधांच्या चाचण्यांत गरोदर स्त्रियांना सहसा घेत नाहीत. तेव्हा ज्ञान वाढते ते अशाच नोंदींतून. आपल्याकडेही तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत फिट्स येणाऱ्या गरोदर स्त्रियांची नोंदवही १९९८ पासून सुरू झाली. म्हणजे हे आपल्या आवाक्याबाहेरचे काम नव्हे.

अंगावर पाजणाऱ्या आईची अवस्था याहून वाईट. साधे अमॉक्सिसिलिन सुरू झाले की “आठवडाभर पाजू नका” असे कोणीतरी सांगतो. पावडरचा डबा येतो, दूध आटते आणि बाळाला जुलाब लागतात. वास्तविक बहुतेक औषधे दुधात अत्यल्प उतरतात. क्षयरोगाची नेहमीची औषधे चालू असलेल्या आईनेही पाजत राहावे, असेच सांगितले जाते. किरणोत्सारी आयोडीन, कर्करोगाची बहुतेक औषधे, असे अपवाद आहेत, पण ते मोजके. उलट ज्या मिश्रीने बाळाचे वजन घटते, ती मात्र आपल्याकडे कुणी औषधांत धरत नाही, म्हणून तिच्याविषयी विचारतही नाही.

१०८ फिरवला की रुग्णवाहिका येते हे आज पोराटोरांना ठाऊक आहे. औषधाच्या शंकेसाठी असा पाठ असलेला नंबर आमच्या खेड्यातील स्त्रीला का असू नये? २०१० पासून देशातील वैद्यकीय महाविद्यालयांत औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारी केंद्रे सुरू झाली आहेत. तेथे औषधशास्त्राचे प्राध्यापक आहेत, ग्रंथ आहेत. त्यांना एक दूरध्वनी आणि मराठी बोलणारी दोन प्रशिक्षित माणसे जोडून द्यावीत. फोनवर सल्ला देणे धोक्याचे, असा आक्षेप येईल. तर उत्तर लेखी स्वरूपात उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडेच पाठवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनाही त्याची गरज आहे. समोर साठ रुग्ण बसलेले असताना ग्रंथ चाळायला त्यांना सवड कुठली? औषधाच्या पाकिटातील पत्रकावर भिस्त ठेवावी, तर “गरोदरपणात सुरक्षितता सिद्ध नाही” एवढे लिहून कंपनी मोकळी होते.

तोपर्यंत घरच्यांनी एवढे करावे. सुनेने किंवा लेकीने घेतलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या फेकू नयेत. घेतल्याच्या तारखा कॅलेंडरवर टिपून ठेवाव्यात. गावठी काढे आणि भस्मे यांचीही नावे त्यात असावीत, कारण काही भस्मांत शिसे सापडलेले आहे. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तेथे हे सारे पिशवीत घालून न्यावे आणि डॉक्टरांपुढे ओतावे.