तिसऱ्या फिनचं क्रेडिट

खोटं कशाला बोलू, मी गोव्याला सर्फिंग शिकायला गेलेच नव्हते. मी गेले होते चिडायला. मुंबईत धड चिडताही येत नाही, वरच्या मजल्यावर कुणाचं तरी टाइल्सचं काम सुरूच असतं.

झालं होतं असं, की काही महिन्यांपूर्वी एका मासिकाला (नाव जाऊ दे, मार्केट लहान आहे) मी एका सीरिजची आयडिया मेल केली होती. ऑफिसच्या लंच टेबलावर उघडणारे सात डबे आणि त्यांच्यामागची सात घरं. ‘नाइस थॉट, विल गेट बॅक’ असं उत्तर आलं. नंतर कुणी काही कळवलं नाही, डायरेक्ट अंकच आला. सात डबे, सात घरं, ए-वन फोटो आणि खाली नाव भलत्याचंच. मासकॉमला मीडिया एथिक्सचा पेपर घोकला होता, त्याचा उपयोग एवढाच झाला की याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात ते मला माहीत होतं.

तर अशा मूडमध्ये आश्वेच्या बीचवर एक तासाचा बिगिनर्स क्लास लावला. अकरा वेळा पडले, पुढचं मोजलं नाही. मग वाळूत फतकल मारून बसले, तेव्हा शेजारी माझा बोर्ड उलटा पडलेला होता. शेपटीकडे तीन फिन. म्हणजे माशाच्या पंखासारखे दिसणारे ते तुकडे. दोन कडेला आणि एक मागे मधोमध.

‘तीनच का रे?’ मी इन्स्ट्रक्टरला विचारलं. पोरगा वेंगुर्ल्याचा. शॅकच्या सावलीत एका फुटक्या बोर्डला फायबरचं कापड लावून वरून रेझिन फासत होता. हे काम तो सर्फिंगच्या आधीच शिकलेला, मामाच्या होडीवर. फायबरची होडी काय नि सर्फबोर्ड काय, दुरुस्ती सेम, वाससुद्धा सेम.

‘तीनच असतात, ताई,’ तो म्हणाला. ‘पहिल्यापासून.’

पहिल्यापासून नसतात. रात्री अंग इतकं ठणकत होतं की झोप येईना, म्हणून रूमवर शोधत बसले आणि त्यातच अडकले.

आधी हे बोर्ड बनतात कसे ते सांगते, कारण मला वाटायचं प्लास्टिकच्या बादल्यांसारखे साच्यातून पडत असतील. काही पडतातही. पण चांगला बोर्ड घडवणारा माणूस वेगळा, त्याला शेपर म्हणतात. त्याच्यासमोर येतो तो फोमचा एक लांबट, ओबडधोबड ठोकळा, मधून लाकडाची बारीक पट्टी गेलेली. त्यावर अर्ध्या आकाराचा नमुना ठेवून पेन्सिलने रेघ मारायची, नमुना उलटवून दुसरी बाजू, मग करवत आणि मग इलेक्ट्रिक रंधा. पुढचं टोक किती उचललेलं, कड कुठे गोल आणि कुठे धारदार, पोट किती खोलगट, सगळं इथे ठरतं. थोडा जास्त रंधा फिरला की गेलं, घेतलेला फोम परत लावता येत नाही.

मला सगळ्यात आवडली ती मात्र खोली. शेपिंग रूमच्या भिंती गडद रंगाच्या असतात आणि ट्यूबलाइट्स छताला नाही, तर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर कमरेच्या उंचीला, बोर्डच्या लेव्हलला आडव्या लावलेल्या असतात. कशाला? तर आडव्या उजेडात फोमवरच्या बारीकशा उंचवट्याचीही सावली पडते. उजेड वरून आला की सगळं गुळगुळीतच दिसतं. म्हणजे शेपर खरं तर सावल्या वाचत असतो. नको असलेली सावली गेली की हात थांबवायचा. शेवटी लाकडी पट्टीजवळ पेन्सिलने मापं आणि सही. वरून फायबरग्लास आणि रेझिन चढलं की ती सही कायमची आत. (इथे मला माझी बायलाइन आठवली हे वेगळं सांगायला नको.) हल्ली बरंचसं कापकाम कॉम्प्युटरची फाइल घेऊन मशीनच करतं आणि शेपर शेवटचा हात फिरवतो, पण सावल्या त्यालाही बघाव्या लागतातच.

तर, सायमन अँडरसन. सिडनीजवळच्या नॅराबीनचा. शेपर होता आणि प्रोफेशनल सर्फरही. अंगाने आडदांड, आणि १९८० मध्ये तोच त्याचा प्रॉब्लेम होता. पूर्वी बोर्डला सहसा एकच मोठा फिन असायचा. पकड छान, पण वळायला जड. मग ऑस्ट्रेलियाच्याच मार्क रिचर्ड्सने दोन फिनचा बोर्ड असा काही चालवला, की १९७९ ते १९८२ सलग चार वर्ल्ड टायटल्स नेली. दोन फिनचा बोर्ड एकदम चपळ, पण मोठ्या लाटेत मागून घसरतो. वर उभा असलेला माणूस वजनदार असला की अजूनच. म्हणजे अँडरसनला चॉइस काय, तर जुन्या बोर्डवरून हरायचं नाहीतर नव्यावरून पडायचं.

ऑक्टोबर १९८० मध्ये नॅराबीनलाच त्याने फ्रँक विल्यम्स नावाच्या माणसाकडे एक बोर्ड पाहिला. दोन फिनचाच, पण मागे मधोमध अर्धचंद्रासारखा चिमुकला तिसरा. त्याने बोर्ड जरा स्थिर राहतो, असं विल्यम्सचं म्हणणं. अँडरसन घरी गेला आणि त्याला पुढचा प्रश्न पडला. चिमुकलाच का? तिन्ही सारखे का नाहीत? बाजूचे दोन आतून सपाट, बाहेरून फुगीर आणि पुढच्या टोकाकडे किंचित वळवलेले, म्हणजे विमानाच्या पंखासारखा रेटा मिळतो. मधला दोन्ही बाजूंनी सारखा, पकडीसाठी. या बोर्डचं नाव थ्रस्टर.

१९८१ च्या ईस्टरला बेल्स बीचची स्पर्धा होती. (‘पॉइंट ब्रेक’च्या शेवटी पॅट्रिक स्वेझी त्या राक्षसी लाटेत शिरतो ना, ते बेल्स. शूटिंग अमेरिकेत ओरेगॉनला झालं, असो.) त्या ईस्टरला लाटा एवढ्या मोठ्या आल्या की सर्फर मंडळी अजून त्या दिवसाचं नाव काढतात. आडदांड अँडरसन आपल्या तीन फिनवर जिंकला. त्याच वर्षी सिडनीची सर्फअबाउट जिंकला, आणि डिसेंबरात हवाईची पाइपलाइन मास्टर्सही. काही वर्षांतच जगभरचे शेपर तीन फिन लावू लागले.

आणि पेटंट? घेतलंच नाही!

मी अंथरुणात उठून बसले. एका बोर्डमागे एक रुपया धरला तरी बॉस, काय हिशोब होतो! मला त्याच्याऐवजी राग यायला लागला. मनातल्या मनात त्याची आणि माझी युनियनसुद्धा काढून झाली.

पण पुढे वाचलं आणि जरा गडबड झाली. तीन फिन त्याच्याही आधी होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डच्या माल्कम आणि डंकन कॅम्पबेल या भावांनी ‘बॉन्झर’ नावाचा बोर्ड केला होता, मधला फिन मोठा आणि बाजूचे दोन बुटके, लांबट. म्हणजे ‘तीन’ हा आकडा काही अँडरसनचा नव्हे. तिन्ही सारखे करणं, कुठे आणि कसे लावायचे ते ठरवणं आणि त्यावर उभं राहून जिंकून दाखवणं, ते त्याचं. आणि अर्धचंद्र फ्रँक विल्यम्सचा. हे कळतं कसं, तर अँडरसनच सांगतो. थ्रस्टरची गोष्ट सांगताना तो त्या दिवशी पाहिलेल्या बोर्डचं नाव घेतो. नसतं घेतलं तर आपल्याला कुठून कळणार होतं?

इथे मला एसीमध्ये गरम व्हायला लागलं.

कारण डबे. मासिकाने केलं ती चोरीच, त्यात मी तसूभर मागे हटलेले नाही, तसं कडक मेलही टाकलंय. पण ती आयडिया मला आंघोळ करताना सुचलेली नव्हती. चार वर्षांपूर्वी अंधेरीत पीजी होते तेव्हा माझी रूममेट म्हणायची, ‘आमच्या टेबलावर डबे उघडले ना, की कुणाकडे काल भांडण झालंय ते भाजीवरून कळतं.’ मी हसले होते आणि डायरीत लिहून ठेवलं होतं. पिचमध्ये तिचा उल्लेख? एक शब्द नाही. डायरीतसुद्धा तिचं नाव लिहिलेलं नाही, परत आल्यावर उघडून पाहिलं.

रविवारी तिला फोन केला. ती आता पुण्यात असते, मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. मासिक, सात डबे, अँडरसन, विल्यम्स, सॉरी.

‘अगं ए बाई,’ ती म्हणाली, ‘ते माझं कुठे? आमच्या अकाउंट्समधल्या काकू म्हणायच्या रोज. मी आपलं तुला येऊन सांगायचे.’

काकू रिटायर होऊन सांगलीला असतात. नंबर मिळालाय. येत्या शनिवारी दुपारी, त्यांचं जेवण झाल्यावर, फोन करणार आहे.