बापाणे फाट्यावर थंड पडलेला सायलेन्सर

मागच्या आठवड्यात बापाणे फाट्यावर दीड तास अडकलो. वर्सोवा पुलाकडची रांग जागची हलत नव्हती. शेजारच्या ट्रकचा चालक खाली उतरून एका निळ्या झाकणाभोवती फडकं फिरवत होता. झाकणाच्या कडेला पांढरे खडे धरले होते, आपल्या मिठागरांत धरतात तसे. तो युरिया. माणूस संगमनेरकडचा. म्हणाला, “गाडी पळती राहिली की काही त्रास नाही हो. इथं असं रांगत राहिलं की फिल्टरचा दिवा पेटतोच.”

त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 हे धुराचं मानक आलं आणि जड वाहनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोवॅट-तासाला 3.5 ग्रॅमवरून 0.4 ग्रॅमवर उतरली. त्यासाठी धुराच्या वाटेवर आधी प्लॅटिनम-पॅलेडियमचा थर अर्धवट जळलेले वायू जाळतो, मग फिल्टर काजळी धरतो. शेवटी 32.5 टक्के युरियाच्या पाण्याचा फवारा बसतो. त्यातून अमोनिया सुटतो आणि उत्प्रेरकावर विषारी ऑक्साइडचं साधं नायट्रोजन आणि पाणी होतं.

पण या सगळ्याला आच लागते. धूर साधारण 200 अंशांखाली असला की फवारा थांबवावा लागतो, नाहीतर युरियाचे खडे नळीतच धरतात. साचलेली काजळी जाळायला तर 600 अंशांच्या आसपास उष्णता हवी. पहिल्या गिअरवर रांगणाऱ्या ट्रकमध्ये ती येणार कुठून? ससूनवघर, मालजीपाडा, बापाणे, चिंचोटी: जिथे धूर थेट माणसांच्या नाकात जातो, तिथेच ही यंत्रणा थंड पडते. डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्येच जाहीर केलं. म्हणून या कोंडीकडे केवळ वाया गेलेला वेळ म्हणून पाहणं मला मान्य नाही.

दुसरी गोष्ट जास्त चीड आणते. युरियाचे पैसे वाचवायला काही जण इंजिनाच्या संगणकाला चकवणारी डबी बसवतात. फवारा बंद, दिवाही बंद. तरी गाडी पीयूसीत पास होऊ शकते, कारण डिझेल गाडीच्या धुराची तिथे फक्त गडदता मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. ते मोजायची सोय होईल तेव्हा होईल. आरटीओच्या तपासणीत युरियाची टाकी आणि फवाऱ्याच्या तारा तरी आजपासून पाहायला हव्यात.

आणि कामण-चिंचोटी पट्ट्यातल्या गाडीमालकांना हात जोडून सांगणं: डबी बसवली असेल तर काढून टाका. शेतीचा युरिया पाण्यात कालवूनही भरू नका. त्याला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. त्याने फवाऱ्याची तोटी तुंबते आणि उत्प्रेरक बाद होतो.