मर्यादा कागदावर नको, खिडकीत मोजा
डिलाईल रोडच्या रहिवाशांस जाहीर आवाहन



आपल्या डिलाईल रोडवर, सरकारदप्तरी ना. म. जोशी मार्गावर, मोबाईलच्या टॉवरांविषयी एकीकडे अवाजवी भय आणि दुसरीकडे बेफिकीर आश्वासन ऐकू येते. ज्याच्या आधारे या दोहोंचा निवाडा व्हावा ते मोजमाप मात्र रहिवाशांच्या हाती नाही. ते आपल्या समक्ष व्हावे, यासाठी हे पत्रक आहे.

टॉवरांतून निघणाऱ्या रेडिओलहरी क्ष-किरणांच्या जातीच्या नव्हेत. पुरेशी तीव्रता असल्यास त्या शरीरातील ऊती तापवितात आणि आंतरराष्ट्रीय मर्यादा मुख्यतः याच परिणामावर आधारलेल्या आहेत. तथापि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे 2011 मध्ये या लहरींना ‘कर्करोगास संभवतः कारणीभूत’ या वर्गात घातले. संभव म्हणजे सिद्धता नव्हे हे आम्ही जाणतो. परंतु जेथे संभव आहे तेथे मोजणीची टाळाटाळ क्षम्य ठरत नाही. पवईच्या आयआयटीतील प्राध्यापक गिरीश कुमार यांनी 2010 साली दूरसंचार खात्यास अहवाल दिला, मलबार हिलवरील सह्याद्री अतिथिगृहावरच्या टॉवरांविरुद्ध अभिनेत्री जुही चावला यांनी आवाज उठविला, आणि 1 सप्टेंबर 2012 पासून भारत सरकारने टॉवरांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांशावर आणली: 900 मेगाहर्ट्झला प्रति चौरस मीटर 0.45 वॅट, 1800 मेगाहर्ट्झला 0.9 वॅट. हा निर्णय स्तुत्यच होता.

परंतु त्याच्या अंमलाची तजवीज काय झाली? मर्यादा पाळल्याचे प्रमाणपत्र कंपनीनेच दाखल करावयाचे, आणि खात्याने त्यांतील 10 टक्क्यांपर्यंत ठिकाणे नमुन्यादाखल तपासावयाची! नागरिकास स्वतःच्या दारात मोजणी हवी असेल, तर 2017 साली सुरू झालेल्या ‘तरंग संचार’ योजनेत त्यासाठी 4000 रुपये शुल्क ठेवण्यात आले. ज्याच्या छपरावरून व्यवसाय चालतो त्यानेच आपल्या रक्षणाच्या पुराव्याचे दाम मोजावेत, हा न्याय आम्हास मान्य नाही.

आपल्या भागात तर हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. अँटेनाचा मुख्य झोत आडवा, किंचित खाली कललेला असतो. म्हणून टॉवरच्या थेट खालच्या खोलीपेक्षा समोरच्या, त्याच उंचीच्या खिडकीत तीव्रता अधिक असू शकते. खात्याच्या सूचनेप्रमाणे दोन अँटेनांसमोर 35 मीटर, सहांसमोर 55 आणि बारांसमोर 75 मीटरपर्यंत त्या उंचीची इमारत नसावी. पण मुंबई विकास खात्याने शतकापूर्वी बांधलेल्या तीन मजली बीडीडी चाळींच्या आणि बंद गिरण्यांच्या जागी जेथे गगनचुंबी इमारती उभ्या राहत आहेत, तेथे काल ज्या अँटेनेसमोर मोकळे आकाश होते, तिच्यासमोर आज कोणाच्या तरी लेकरांची खोली येते. जुना दाखला तेव्हा निरुपयोगी ठरतो.

टॉवर सरसकट उखडण्याची मागणी आम्ही करीत नाही. संकेत क्षीण झाला की हातातला फोन अधिक शक्तीने लहरी सोडतो, आणि तो तर कानालाच लावलेला असतो. त्याच्या लहरी शरीरात शोषल्या जाण्याची मर्यादा, एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीने, प्रति किलोग्रॅम 1.6 वॅट आहे. म्हणून लांबलचक संभाषण इअरफोनवर करावे आणि मुलांच्या उशाशी फोन ठेवू नये.

आमच्या मागण्या अशा:

1. प्रत्येक टॉवरची मोजणी रहिवाशांच्या उपस्थितीत, समोरच्या इमारतींच्या खिडक्यांतही व्हावी.
2. तिचे आकडे, तारीख आणि अधिकाऱ्याचा हुद्दा मराठीत दर्शनी भागी लावावा.
3. समोर नवी इमारत उठताच मोजणी पुन्हा, विनामूल्य व्हावी.

येत्या सभेत प्रत्येक चाळ समितीने आणि सोसायटीने या मागण्यांचा ठराव करावा, तो लेखी अर्जासह दूरसंचार खात्याकडे व महापालिकेच्या विभाग कार्यालयात रुजू करावा, आणि पोचपावती घेतल्याखेरीज परत फिरू नये.

आपले,
डिलाईल रोडचे रहिवासी