गेटवरची पट्टी आणि तेलाची बाटली

सुरक्षा सप्ताह आला की भोसरीपासून चाकणपर्यंत कारखान्यांच्या गेटांवर बॅनर चढतात, हात पुढे करून शपथा होतात आणि बाहेरून एखादा सल्लागार बोलावला जातो. अशाच एका गृहस्थांचं भाषण ऐकण्याचा योग नुकताच आला. ‘टेस्ट खोटं बोलत नाही, माणूस बोलतो,’ असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की पुरावा मागायचा नाही, हा अशा सभागृहांचा जुना रिवाज आहे.

त्यांचं म्हणणं असं. लघवीची पट्टी गांजाला पॉझिटिव्ह आली की हल्लीची पोरं ‘साहेब, मी हेम्पचं तेल घेतो’ म्हणून मोकळी होतात. ही शुद्ध थाप आहे. तेलाने काहीही होत नाही. पॉझिटिव्ह आला तो गंजेडी. त्याचा गेटपास त्याच पाळीत जमा करावा आणि ठेकेदाराला दुसरा माणूस पाठवायला सांगावं. उद्या त्याने कुणाच्या अंगावर फोर्कलिफ्ट घातली तर जबाबदार कोण? या शेवटच्या प्रश्नाला सभागृह गंभीर झालं, आणि आधीची सगळी विधानं त्या गांभीर्याच्या आडोशाने सुखरूप बाहेर पडली.

फोर्कलिफ्टची भीती खरी आहे. माझी नोकरीची वर्षं कारखान्यांच्या वैद्यकीय केंद्रांत गेली. प्रेसखाली गेलेली बोटं बर्फात घालून आणलेली मी पाहिली आहेत, त्यामुळे सुरक्षेचं महत्त्व मला कुणी शिकवायला नको. पण भीती खरी असली म्हणून तिच्या नावाने काहीही खपवावं असं नाही.

आधी तेलाचं बघू. कुठलं तेल, हे गृहस्थांनी विचारलंच नाही. हेम्प म्हणजे गांजाचंच झाड, आणि या एकाच नावाखाली निदान तीन तऱ्हेच्या बाटल्या विकल्या जातात. पहिली बियांच्या तेलाची. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पच्या बिया, त्यांचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. नशा आणणारं जे द्रव्य, म्हणजे टीएचसी, ते तेलात किलोमागे १० मिलिग्रॅमच्या वर नको, अशी मर्यादाही घातली. बीमध्ये ते मुळात नसल्यातच जमा असतं. फुलोऱ्याचा चीक सालीला चिकटून येतो तेवढंच. दुसरी बाटली पानांच्या अर्काची. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे फुलाफळाला आलेले शेंडे; शेंडे सोबत नसतील तर बी आणि पानं त्या व्याख्येतून वगळली आहेत. या सवलतीच्या वाटेने आयुष परवान्याची ‘विजया’ तेलं येतात. ती वैद्याच्या सल्ल्याने घ्यायची असतात, आणि त्यांत टीएचसी चांगलं असू शकतं. तिसरी बाटली सीबीडीची, म्हणजे याच झाडातल्या नशा न आणणाऱ्या द्रव्याची, जिच्यावर ‘टीएचसी फ्री’ असं ठसठशीत छापलेलं असतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत ऑनलाइन विकत घेतलेली ८४ सीबीडी उत्पादनं तपासली, त्यांतल्या १८ मध्ये टीएचसी निघालं. म्हणजे ‘शंभर टक्के सेफ’ म्हणणारे विक्रेते आणि ‘काहीही होत नाही’ म्हणणारे आमचे सल्लागार एकाच बाकावरचे विद्यार्थी आहेत.

पहिल्या बाटलीपुरतं सल्लागारांचं बरंचसं बरोबर आहे, हे सांगून टाकतो. मोठा चमचाभर तेल म्हणजे साधारण १४ ग्रॅम. मर्यादेइतकं टीएचसी असलं तरी पोटात जाणार ०.१४ मिलिग्रॅम. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना रोज ०.६ मिलिग्रॅमपर्यंत टीएचसी हेम्पच्या तेलातून दिलं. प्रयोगशाळेच्या नेमक्या मापनात सर्वांत वरचा आकडा आला मिलिलिटरमागे ५.२ नॅनोग्रॅम, दोषी ठरवण्याची रेषा आहे १५. आपल्या मर्यादेतल्या तेलातून ०.६ गाठायचं तर रोज ६० ग्रॅम प्यावं लागेल. एवढं कोणी पीत नाही. पण १९९० च्या दशकातलं तेल नीट धुतलेल्या बियांचं नसे. त्या तेलाने अमेरिकेत माणसं खरोखर पॉझिटिव्ह आली, आणि १९९९ मध्ये तिथल्या हवाई दलाला आपल्या लोकांना हे तेल खायची बंदी घालावी लागली. थापेवर कोणी बंदी घालतं का? आणि आज इंटरनेटवरून मागवलेल्या, बॅच नंबरसुद्धा नसलेल्या बाटलीतली बी धुतलेली होती, हे गृहस्थांना कोणी सांगितलं?

डोक्याला चोळलेलं बियांचं तेल लघवीत उतरत नाही. तो बहाणा खुशाल फेटाळावा.

आता पट्टी. इथे मला जरा पाय पसरू द्या, कारण सगळी गोम इथेच आहे. गेटवर जी तपासणी होते ती म्हणजे पाकिटातून काढलेली, कपात बुडवायची पट्टी. तिच्यावर दोन जागा असतात: ‘सी’ आणि ‘टी’. ‘सी’ची रेघ उमटली म्हणजे पट्टी ठीक. ‘टी’ची रेघ उमटली तर माणूस निर्दोष, न उमटली तर पॉझिटिव्ह. गरोदरपणाच्या पट्टीची सवय झालेल्या डोळ्यांना हे बरोबर उलटं आहे. त्यातून ‘टी’ची रेघ अगदी पुसट आली तरी ती निगेटिव्हच धरायची असते. हे सगळं पाकिटातल्या कागदावर बारीक इंग्रजीत छापलेलं असतं. पट्टी पाच मिनिटांनी वाचायची आणि दहानंतर वाचायचीच नाही, हेही असतं. आता पहिल्या पाळीची वेळ डोळ्यांसमोर आणा. कंपनीच्या बसेस लागल्यात, खिडकीच्या कठड्यावर कपांची रांग आहे, बाहेर मुकादम घाई करतोय, आणि पट्ट्या वाचणारा स्वतःच ठेकेदाराकडचा ड्रेसर आहे. रांगेतल्या शेवटच्या पट्टीपाशी तो कितव्या मिनिटाला पोचतो आणि पुसट रेघेकडे पाहून काय म्हणतो, यावर एका पोराची नोकरी ठरते.

बरं, पट्टी बिनचूक वाचली असं धरू. ती ओळखते काय? तिच्यावरची प्रतिपिंडं टीएचसीचं शरीराने केलेलं रूपांतर पकडतात, आणि कधीकधी त्याच्यासारखं दिसणारं भलतंच काही. पँटोप्रॅझोल घ्या. तिसऱ्या पाळीत वेळी-अवेळी वडापाव खाऊन जळजळ झालेला प्रत्येक जण मेडिकलमधून जी गोळी उचलतो, ती. काही वेळा या गोळीमुळे टीएचसीची प्राथमिक चाचणी खोटी पॉझिटिव्ह आल्याच्या नोंदी आहेत, असं तिच्या अमेरिकी माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. एफाविरेन्झ हे एचआयव्हीवरचं औषध, आपल्याकडे अनेक वर्षं सर्रास दिलं गेलेलं. त्याचीही काही किटांवर तीच तऱ्हा. म्हणजे आपण गंजेडी नाही हे सिद्ध करायला एखाद्याने सुपरवायझरसमोर आपला आजार सांगायचा! असा आजार उघड करायला कुणाला भाग पाडू नये म्हणून २०१७ चा कायदा आहे, आणि एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९९२ पासून याच भोसरीत आहे. गृहस्थांची गाडी तिच्यावरून गेली असण्याची शक्यता आहे. आत डोकावल्याची नाही.

आणि ‘टेस्ट खोटं बोलत नाही’ हे टेस्ट बनवणाराही म्हणत नाही. हा निकाल प्राथमिक आहे, पक्का करायचा तर जीसी-एमएससारख्या पद्धतीने प्रयोगशाळेत करा, असं तो त्याच कागदावर छापतो. नागरी विमान वाहतुकीत हा विचार झालेला आहे. ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार वैमानिकांची आणि हवाई वाहतूक नियंत्रकांची अशी तपासणी होते. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर पक्क्या चाचणीचा निकाल येईपर्यंत माणसाला कामावरून बाजूला ठेवतात. खाजगी कारखान्यातल्या कामगारासाठी असा वेगळा कायदाच नाही. त्यामुळे दीडशे माणसं आकाशात नेणाऱ्याला दुसरी चाचणी मिळते आणि पॅलेट इकडून तिकडे नेणाऱ्याला गेट.

हा वाद मला नवा नाही. ब्रेथ अ‍ॅनालायझर आले तेव्हा आसव-अरिष्टांवरून असंच झालं होतं: त्यांत अल्कोहोल असतंच कुठे, म्हणणारे तेव्हाही स्टेजवरच बसलेले होते. खसखशीवरून तर एका साहेबांशी माझी कडाक्याची झाली. खसखस पोटात गेली की लघवीत मॉर्फिन सापडू शकतं. अमेरिकेच्या सरकारी तपासणीत अफूवर्गाची रेषा ३०० नॅनोग्रॅम होती. खसखशीपायी निरपराध माणसं अडकतात म्हणून १९९८ मध्ये ती २००० वर नेली. आपल्याकडच्या अनेक किटांवर अजून ३०० आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर कामावर आलेल्या पोराच्या पोटात घरचे अनारसे असतील, एवढंच मी म्हटलं. साहेब हसले. ‘डॉक्टर, आता अनारशांवर पण बंदी घालायची का?’ बंदी घालायची नव्हती, डोकं वापरायचं होतं.

पट्टी नशा मोजत नाही, हा दुसरा आक्षेप थोडक्यात. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत शेवटच्या झुरक्यानंतर काही आठवडेही अंश सापडतात. होळीला उत्तर प्रदेशात गावी जाऊन सरकारी परवान्याच्या दुकानातली भांग प्यालेला वेल्डर चाकणला परतून शुद्धीवर काम करत असतो, तरी पट्टी त्याला धरते. लागोपाठ दोन पाळ्या मारून उभ्या उभ्या पेंगणाऱ्याला धरणारी पट्टी मात्र बाजारात नाही, आणि असती तर ती गेटवर कोणी लावलीही नसती.

मग करायचं काय? फार काही नाही. नमुना घेण्याआधी माणूस कोणती औषधं, तेलं, अर्क घेतो ते लिहून घ्यावं. वैद्यकीय केंद्रात, सुपरवायझरच्या टेबलावर नव्हे. नमुन्याचे दोन भाग करून त्याच्यासमोर सील करावेत, त्याची सही घ्यावी. पट्टी पॉझिटिव्ह आली तर दुसरा भाग प्रयोगशाळेत जावा. तोवर त्याला मशिनवरून उतरवावं, हजेरीवरून नाही. प्रयोगशाळाही तेल आणि गांजा यांत फरक करत नाही, पण ती आकडा देते, आणि आकड्याला पुष्कळ कळतं. बियांचं सीलबंद तेल दाखवणाऱ्याचा आकडा २०० आला तर तो थाप मारतोय. रीतसर चौकशी करून खुशाल काढा, मी त्याची बाजू घ्यायला येणार नाही. कामगारांनीही बाटली, बिल, चिठ्ठी फेकू नये, आणि विजयाचं तेल लिहून देणाऱ्या वैद्यांना आपण प्रेस चालवतो हे आधी सांगावं.

खर्च किती येईल, असं कोणीतरी विचारेलच. दुसरी चाचणी सगळ्यांची करायची नाही, पट्टी पॉझिटिव्ह आली त्यांचीच. तो खर्च मूळ कंपनीने सोसावा आणि तसं कंत्राटात लिहून ठेवावं. ठेकेदाराच्या बिलात टाकला तर तो पोराच्या पगारातून कापला जाईल, आणि पावती काही मिळणार नाही.