क्रीमच्या डब्या, सहा हजारांचे किट आणि घरचा हिशेब



गेल्या महिन्यात आमच्या भागातील एका गावात सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या एका उद्योजक बाईंची सभा झाली. त्यांचा जिल्ह्याजिल्ह्यातून दौरा चालू होता आणि गाडीवर 'महिलांचे आर्थिक स्वातंत्र्य' असा फलक होता. समाजमंदिर गच्च भरले होते. मी बियाण्याच्या उगवण चाचणीचे प्रात्यक्षिक द्यायला त्याच गावात गेलो होतो, म्हणून मागे उभा राहून ऐकले. बाई बोलल्या चांगल्या. बाईचे स्वतःचे खाते असावे, पासबुक तिच्याच पेटीत असावे, दहा रुपयांसाठी कुणापुढे हात पसरायची वेळ येऊ नये. यात खोटे काहीच नाही.

भाषण संपल्यावर मात्र टेबलावर किट आले. किंमत सहा हजार रुपये. किट घ्या, पाच मैत्रिणी जोडा, त्यांच्या खरेदीवर कमिशन मिळवा. त्या संध्याकाळी अकरा जणींनी नावे दिली. दोघींनी तर बचत गटातून उचल घ्यायचे ठरवले.

हा विषय शेतीच्या पानावर कशाला, असे कोणी म्हणेल. पण हे सहा हजार येतात कुठून? सोयाबीनच्या पट्टीतून, दुधाच्या पगारातून, नाहीतर २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेच्या साठवलेल्या हप्त्यांतून. आणि गटाची उचल थकली तर फटका एकटीला बसत नाही, सगळ्या गटाची बँकेतली पत जाते.

आधी हिशेब करा

प्रथम जोडणीचा हिशेब. एकीने पाच जोडल्या. त्या पाचांनी प्रत्येकी पाच, म्हणजे पंचवीस. पुढच्या पायरीला १२५ आणि त्याच्या पुढच्या पायरीला ६२५. तुमच्या गावात उंबरे किती? तीनशे असतील तर चौथ्या पायरीच्या आतच गाव संपते. शेवटी आलेल्या बाईला जोडायला कोणी उरत नाही, आणि शेवटी येणाऱ्यांचीच संख्या सर्वांत मोठी असते.

आता विक्रीचा हिशेब. समजा, डबीची किंमत ३०० रुपये आणि विकणारीला २५ टक्के, म्हणजे ७५ रुपये सुटतात. महिन्याला ३,००० रुपये हाती यायचे तर ४० डब्या खपल्या पाहिजेत. एक डबी दीड महिना पुरते असे धरले तर ६० घरे कायमची गिऱ्हाईक लागतात. तीनशे उंबऱ्यांत दर पाचवे घर! हे झाले एकटीचे. अकरा जणींना ६६० घरे लागतील, ती आणायची कुठून? उधारी आणि एस.टी.चे भाडे यात धरलेलेच नाही.

कायदा काय सांगतो

घरोघर थेट विक्री करणे बेकायदा नाही, हे लक्षात घ्या. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम केले. माणसे जोडण्यावर कमाई देणारी साखळी योजना त्यात स्पष्टपणे मना आहे. त्याआधीही १९७८ पासून पैसा फिरवणाऱ्या योजनांवर बंदीचा कायदा आहेच. कंपनीने विक्रेत्याशी लेखी करार केला पाहिजे, आणि विचार बदलला तर ठराविक मुदतीत दंड न भरता करार मोडण्याची सोय पाहिजे. तेव्हा सभेत उठून विचारा : करार कुठे आहे? न खपलेला माल परत घेणार का? कमाई डबी विकल्यावर की बाई जोडल्यावर?

डबीही उलटून पाहा. उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि वापराची मुदत छापलेली नसेल तर ती घेऊ नका, विकूही नका. गोरे करणाऱ्या काही क्रीममध्ये पारा सापडला आहे. २०२३ साली केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात अशी क्रीम लावणाऱ्यांच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याचे डॉक्टरांना आढळले. त्रास झाला तर गिऱ्हाईक कंपनीला शोधत बसत नाही, शेजारणीच्या दारात येते.

एखाद्या गटाला स्वतः साबण किंवा क्रीम करून विकायची असेल, तर त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. 'घरगुती आहे, नैसर्गिक आहे' म्हणून सूट मिळत नाही.

कोरफडीची आठवण

त्या सभेत कोरफडीचे फार कौतुक झाले. मला आमचे शेत आठवले. मी शाळेत असताना वडिलांनी अर्धा एकर कोरफड लावली होती. रोपे एका कंपनीने महाग दिली आणि पाने विकत घेण्याचा कागदही दिला. पाने तयार झाली तेव्हा कंपनीचा फोन बंद होता. त्या कंपनीचा खरा धंदा पानांचा नव्हताच, रोपांचा होता. किटच्या बाबतीतही हेच तपासायचे. कंपनीला पैसा बाहेरच्या गिऱ्हाइकाकडून मिळतो, की तुमच्याचकडून?

दौरा असाही असतो

सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांनी १९९७ साली ग्रामीण महिलांची माणदेशी बँक उभी केली. प्रवर्तक महिला निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला होता. मग बायकांनी अक्षरओळख करून घेतली, व्याजाचा हिशेब आपण तोंडी करून दाखवतो असे सांगितले आणि परवाना मिळवला. पुढे याच कामातून ग्रामीण महिलांसाठी व्यवसाय शाळा निघाली. तिची बसही गावोगाव फिरली, पण ती माल गळ्यात मारायला नव्हे, हिशेब आणि हातचे काम शिकवायला. दोन्ही दौऱ्यांत शब्द तेच असतात. फरक पाहायचा तो गाडी निघून गेल्यावर बाईजवळ काय उरते याचा.

गावाने काय करावे

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना विनंती, की समाजमंदिराची किल्ली देण्यापूर्वी कंपनीचे लेखी पत्र, नोंदणी क्रमांक आणि कराराचा नमुना मागून घ्या आणि दप्तरी ठेवा. व्यासपीठावर तुम्ही बसलात की लोक त्याला सरकारी शिक्का समजतात. बचत गटांनी अशा किटसाठी उचल देण्यापूर्वी एक बैठक मध्ये जाऊ द्यावी आणि उमेद किंवा माविमच्या कार्यकर्तीला बोलवावे. फसवणूक झाली असेल तर पावती जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ क्रमांकावर फोन करा.

त्या दोघींची उचल गटाच्या अध्यक्षाबाईंनी पुढच्या बैठकीपर्यंत थांबवली आहे. त्यातल्या एकीने मला विचारले, "साहेब, मग आम्ही काहीच करू नये का?" मी म्हटले, ताई, जरूर करा. आधी पाच डब्याच आणा, रोख विका, दोन महिने वहीत मांडा. पुन्हा मागणी आली तर वाढवा. कंपनी पाच डब्या द्यायला तयार नसेल आणि किटचाच आग्रह धरत असेल, तर उत्तर तिथेच मिळाले. बैठकीला मीही जाणार आहे, वही-पेन्सिल घेऊन.