तपास चालकापाशीच का थांबतो?

नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या एका अवजड वाहनाने अनेक वाहने ठोकरली. आधी सांगितले गेले, ब्रेक निकामी झाले. मग प्राथमिक तपासातून पुढे आले, की चालकाने उतारावर इंजिनच बंद केले होते. डिझेल वाचवण्यासाठी असे करणारे चालक घाटाघाटांत भेटतात. इंजिन बंद झाले की कॉम्प्रेसर थांबतो, ब्रेकसाठी लागणारा हवेचा दाब ओसरतो आणि पुढच्या वाहनांचे नशीब उतारावर अवलंबून राहते. ही हयगय अक्षम्यच आहे. पण फेरीमागे मोजून डिझेल देणारा, वेळेत माल पोचला नाही तर भाडे कापणारा कोण, हे कोणत्या पंचनाम्यात लिहिले जाते?

भरपाईपुरता कायदा चालकापाशी थांबत नाही. मालकाच्या कामावर असताना चालकाने हयगय केली, तर नुकसानभरपाई मालकाच्या माथी येते. ट्रक विकला पण आरसीवरचे नाव बदलले नाही, तर नोंदणीकृत मालकाची सुटका नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. परवान्यातील दोषाचे कारण सांगून विमा कंपनीला सहज हात झटकता येत नाहीत. अशा प्रकरणांत कंपनीने आधी पीडिताला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश देता येतो, हे २००४ च्या स्वर्णसिंग निकालाने पक्के केले.

सर्वांत उघडी बाजू आहे ती ट्रकमधून जाणाऱ्या माणसांची. मालवाहू वाहनात फुकट बसलेल्यांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच ठरवले. टेम्पोत दाटीवाटीने बसलेले वऱ्हाडी किंवा कामावर निघालेले मजूर दगावले, तर भरपाई मागायची ती मालकाकडे. त्याची ऐपत नसेल, तर निकालाचा कागद घरात पडून राहतो. ज्यांना दुसरे वाहन परवडत नाही, त्यांच्याच वाट्याला हे यावे, हा अन्याय आहे आणि तो कायदा बदलूनच दूर होईल.

ओव्हरलोडचे उत्तर मात्र आजच्याच कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार दंड २० हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २ हजार. तो फक्त चालवणाऱ्याला नव्हे, चालवायला लावणाऱ्यालाही आहे. जादा माल भरायला लावणारा कारखानदार, व्यापारी किंवा ट्रान्सपोर्टर या शब्दांत बसतो. त्याला पकडायचे तर बिल्टी आणि वजनकाट्याची पावती पहिल्याच दिवशी ताब्यात हवी. चार दिवसांनी ती मिळेलच याची खात्री कोणी द्यावी? फिटनेस प्रमाणपत्राचेही तेच. ते कोणी आणि काय तपासून दिले, हा प्रश्न अपघातानंतर विचारला गेलाच पाहिजे.

रस्ता बांधणाऱ्याचा हिशेब तर हास्यास्पद वाटावा इतका स्वस्त आहे. सदोष रचनेमुळे कोणी मेले, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८-अ खाली जास्तीत जास्त दंड एक लाख रुपये. कोट्यवधींची कंत्राटे घेणाऱ्याला ही रक्कम जाणवणारही नाही. संसदेने ती कंत्राटाच्या किमतीशी जोडली पाहिजे.

२०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आहे. गृह विभागाने आदेश काढावा, की अवजड वाहनाच्या प्रत्येक अहवालासोबत बिल्टी, वजनाची पावती, फिटनेस प्रमाणपत्र आणि चालक सलग किती तास स्टिअरिंगवर होता याची नोंद जोडलेली असेल. नसेल, तर तपास अधिकाऱ्याने कारण लेखी द्यावे.