अंगावर काका आला

शुक्रवारी रात्री पिक्चर सुटला की अर्धी पब्लिक रिक्षा शोधते आणि उरलेली अर्धी तिथेच जिन्यात उभी राहून मोबाइलवर स्टार वाटायला लागते. मी रिक्षावाल्या पार्टीतली. पण स्टारवाल्या पार्टीचं लिखाण मी अगदी चवीने वाचते. छापील परीक्षणाच्या आधी, ट्रेलरच्या आधी आणि खरं सांगू? बरेचदा पिक्चरच्या ऐवजी!

माझं हे व्यसन ठाण्याच्या मावशीमुळे सुरू झालं. मावशी बँकेतून रिटायर झाली आणि तिने दोन गोष्टी मनावर घेतल्या, प्राणायाम आणि परीक्षण. 'नटसम्राट' बघून आली तेव्हा भारावून गेली होती. "नानाला तोड नाही" असं लिहायचं होतं, पण बोट घसरलं आणि एक अनुस्वार जास्त पडला. "नानाला तोंड नाही." अख्खा सिनेमा ज्याच्या स्वगतांवर उभा आहे त्या माणसाबद्दल! त्याच परीक्षणात पुढे तिच्या फोनने 'काटा' हा शब्द नापास करून स्वतःच्या मनाने दुसरा घातला. त्यामुळे मावशीने जगजाहीर केलं, की क्लायमॅक्सला अंगावर काका आला. खाली पाच स्टार. आमचे काका शेजारच्याच सीटवर होते म्हणून बरं, नाहीतर खुलासा द्यावा लागला असता.

पण टायपिंगच्या चुकांवर कोणीही हसेल, ती लो लेव्हलची मजा झाली. खरा खजिना पुढे आहे.

मासकॉमला आम्हाला फिल्म अ‍ॅप्रिसिएशनचा पेपर होता. त्यात पहिली ताकीद काय, तर परीक्षणात 'मी' आणू नका. तुम्ही कुणाबरोबर गेलात, काय खाल्लंत, याच्याशी वाचकाला देणंघेणं नाही. मावशीसारखे लोक सुरुवातच तिथून करतात. रविवार होता, पाऊस होता, जाऊबाईंनी आग्रह केला, पार्किंगला वीस मिनिटं गेली. मग एसी. मग समोसा. पिक्चर येतो शेवटच्या दोन ओळींत, तोही पाहुण्यासारखा.

एकदा न राहवून मी म्हटलं, "अगं मावशी, स्टार पिक्चरला द्यायचे असतात, समोशाला नाही."

"नव्वद रुपयांना एक दिला त्यांनी, तोही गार. मग लिहायचं कुठे मी? बँकेत?"

आता यावर काय बोलणार! आपण सिनेमा 'बघतो', मावशी सिनेमाला 'जाते'. तिने तिकिटाचे पैसे अख्ख्या संध्याकाळचे मोजलेले असतात, मग हिशेबही ती अख्ख्या संध्याकाळचाच मांडणार.

आणि हे फक्त ठाण्यात चालतं असं नाही. आयएमडीबीवर एकेकाळी प्रेक्षकांच्या परीक्षणाला किमान दहा ओळींची अट होती. झालं! तीन ओळींत मत संपलेले लोक उरलेल्या सात ओळी अटीलाच शिव्या घालून भरायचे. दहावीच्या पेपरात 'माझा आवडता ऋतू' ताणायचो ना आपण, सेम तसंच. फक्त इथे परीक्षक जगभरातले, आणि परीक्षेला कोणी बसवलेलं नाही, हौसेने बसलेले!

काही तक्रारी तर इतक्या गोड असतात की दृष्ट काढावी. 'कट्यार काळजात घुसली'मध्ये गाणी जास्त झाली, असं माझी एक कलीग अगदी सिरियसली म्हणाली होती. 'किल्ला' बघून आलेल्या शेजाऱ्यांना फोटोग्राफी आवडली, पण पाऊस खटकला. कोकणातला पाऊस! जरा कमी करायला हवा होता म्हणे.

यातल्या काही तक्रारी हसता हसता अचानक घशात अडकतात. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' घ्या. २०१४मध्ये व्हेनिसला ओरिझोंती विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपट, २०१५मध्ये आपल्याकडे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. मावशीचं म्हणणं : खऱ्या कोर्टात बसल्यासारखं वाटतं, काही म्हणजे काही पुढे सरकत नाही, नुसत्या तारखा. दोन स्टार. मी हे वाचलं आणि पुन्हा वाचलं. व्हेनिसच्या ज्युरींचं म्हणणं याहून फार वेगळं नसणार, त्यांनी फक्त स्टार जास्त दिले.

'सैराट'चं तर विचारूच नका. २०१६च्या एप्रिलमध्ये आलेला, त्यामुळे शेवट सांगितला म्हणून कोणी भांडायला येणार नाही अशी आशा आहे. शेवटी ते लहान मूल रडत असतं आणि पडद्यावरचा आवाज नाहीसा होतो. माझ्या रूममेटचा भाऊ गावाकडच्या थिएटरात बघत होता. आवाज गेला म्हटल्यावर पठ्ठ्याने मागे वळून ऑपरेटरच्या खोलीकडे हात केला. शिट्टी मारणार होता, पण आजूबाजूला कोणीच हलेना, म्हणून गप्प बसला. नंतर त्याने लिहिलं, की पिक्चर एक नंबर, थिएटरवाल्यांनी मात्र ऐन शेवटी आवाज घालवला, लक्ष द्यावे. नागराज मंजुळेंनी काढून घेतलेला आवाज त्याला मशीन बिघडल्यासारखा वाटला. पण बिघडलंय काहीतरी, हे बरोबर कळलं होतं त्याला.

आणि 'फँड्री'! शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्या तोंडावर. मावशीने सहकुटुंब बघितला. परीक्षण नेहमीसारखं पार्किंगपासून सुरू, सोनाली कुलकर्णी नाही म्हणून किंचित नाराजी (होती असं तिला कोणी सांगितलं देव जाणे), आणि शेवटची ओळ : तो मुलगा शेवटी आपल्यावरच दगड मारतो, आपण काय केलंय? या तीन शब्दांवर मासकॉमला दोन दिवसांचं सेमिनार झालं असतं, चहा-बिस्किटासकट.

आम्ही शिकलेली मंडळी असल्या ठिकाणी 'प्रेक्षकाला अंतर्मुख करणारा शेवट' असं लिहून मोकळे होतो. मी स्वतः लिहिलंय. शब्दाला इतके पैसे मिळतात, मानधन तीन महिन्यांनी येतं, कोण अंतर्मुख होत बसणार?

आता सगळेच मावशीसारखे भाबडे नसतात, हेही खरं. २००८मध्ये 'द डार्क नाइट' आला तेव्हा त्याच्या भक्तांनी त्याला दहा-दहा आणि 'द गॉडफादर'ला एक-एक गुण द्यायचा सपाटा लावला. गॉडफादरवाल्यांनी उलट वार केला. या मारामारीत पहिल्या नंबरवर जाऊन बसला तिसराच, 'द शॉशँक रिडम्प्शन'. हे निदान मनापासूनचं भांडण होतं. पुढे त्याचा धंदा झाला. पैसे घेऊन पिक्चर उचलणं, पैसे घेऊन पाडणं. केरळमध्ये २०२३ साली प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्राने २०२४च्या अहवालात सुचवलं, की रिलीजनंतर पहिले ४८ तास व्लॉगर मंडळींनी परीक्षणं करूच नयेत.

४८ तास! मराठी पिक्चरला बरेचदा तेवढंच आयुष्य असतं.

माझा एक कोल्हापूरचा मित्र एका छोट्या मराठी पिक्चरचा असिस्टंट डायरेक्टर होता. दीड वर्ष घासली त्याने. पुण्यात सकाळी सव्वानऊचा शो, ठाण्यात दुपारी पावणेचारचा, असे मिळतील ते शो. शनिवारी सकाळी आम्ही दोघं कटिंग घेत त्याच्या मोबाइलवर स्टार मोजत बसलो. पहिला एक स्टार, कारण एसी बंद होता. दुसरा एक स्टार, कारण माणूस हिंदी समजून गेला आणि मराठी निघाला. त्याखाली बारा जणांचे पाच-पाच स्टार आणि बाराही जणांचं एकच वाक्य, कॉपी-पेस्ट : "नक्की पाहावा असा कौटुंबिक चित्रपट." बारा ठिकाणी तीच स्पेस राहिलेली. "निर्मात्यांनी माणूस लावलाय," मित्र खालच्या आवाजात म्हणाला. त्याला त्या एसीवाल्यापेक्षा या बारा जणांची जास्त लाज वाटत होती.

बघा ना, ॲव्हरेज काढताना एसीचा एक स्टार आणि अभिनयाचा एक स्टार सारखाच मोजला जातो. शो कमी करणारा माणूस आकडा बघतो, समोसा गार होता हे त्याला दिसत नाही. मावशीवर मी मनापासून चिडले असेन तर त्या शनिवारी. तिने हा पिक्चर बघितलाही नव्हता, तरी!

हल्ली तर लावलेला माणूसही लागत नाही. एआयला सांगितलं की दोन सेकंदांत 'मानवी नातेसंबंधांचा हृदयस्पर्शी प्रवास' तयार. अनुस्वार जागच्या जागी, जाऊबाई गायब. हजार परीक्षणं वाचा, कुठेही काका अंगावर येणार नाही. त्यामुळे मी आता उलटी सवय लावून घेतली आहे. स्टार बघतच नाही, समोसा शोधते. समोसा सापडला की समजायचं, हा माणूस खरंच गेला होता.

रविवारी रात्री पिक्चरचा एकच शो उरला. सोमवारी तोही गेला. मात्र जाता जाता एक परीक्षण आलं, ते मित्राने जपून ठेवलंय. कोणा अनोळखी माणसाने लिहिलं होतं, की मध्ये झोप लागली, पण आई गेल्यापासून पहिल्यांदा इतकी शांत लागली. जाग आली तेव्हा पडद्यावर बाप आणि मुलगा न बोलता जेवत होते. बाहेर येऊन बाबांना फोन केला. तीन स्टार, कारण मधला भाग पाहिलेला नाही.

मित्राचं म्हणणं, तो मधला भाग जेमतेम चाळीस मिनिटांचा होता. दोन स्टार जरा जास्तच कापले.